शिर्क्यांच्या तालमीतले बारा उंदीर

बडोद्याच्या शिर्के घराण्यात पुरुष भिंतीवर आणि बायका जमिनीवर, अशी साधारण व्यवस्था आहे. गोत्रीतल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये पाऊल टाकलंत की समोरच्या भिंतीवर ओळीने तीन फोटो दिसतात. फेटे बांधलेले, मिशा वळलेल्या, चंदनाचे हार घातलेले. आणि त्यांच्या खाली सोफ्यावर त्र्याऐंशी वर्षांच्या इंदिराबाई चष्मा कपाळावर चढवून मटार सोलत बसलेल्या असतात, ठणठणीत. या घरात अठ्ठावन्नाव्या वर्षाचा केक एकाही पुरुषाने कापलेला नाही आणि ऐंशीच्या आत एकही बाई गेलेली नाही. सणावाराला सगळे जमले की पांढऱ्या केसांच्या बायकांची नुसती रांग लागते, आणि पुरुषांची पंगत म्हणाल तर चार ताटांत आटोपते.

गेले सगळे छातीच्या दुखण्याने. पण तसं म्हणायची सोय नाही. मूळ पुरुष गायकवाडी घोडदळात शिलेदार. पुढे फौज गेली, घोडे गेले, संस्थान गेलं, चार पिढ्यांत कोणी लढाई म्हणून पाहिली नाही, पण वीरमरणाची हौस काही जाईना. तेव्हा घरात एक नियम पडला: जो उभ्याने गेला तो रणात पडला. इंदिराबाईंचे चिरंजीव धनाजीराव, त्यांचे आजोबा प्रतापसिंह रेशनच्या रांगेत रॉकेलचा डबा धरून गेले. उभ्याने गेले, म्हणजे रण. काका समरजित स्कूटरला किक मारता मारता गेले, आणि स्कूटर हे वाहन असल्यामुळे त्यांची गणती स्वारांत झाली, म्हणजे मान एक पायरी वरचा. आणि वडील श्रीपतराव, सिटी बसच्या डेपोत टाइमकीपर, त्यांनी तर कमालच केली. दसऱ्याच्या सकाळी फेटा बांधून, पूजेतल्या तलवारीवर हात ठेवून ते उभे होते आणि तसेच कोसळले. हूं नाही की चूं नाही. ही हकीकत इंदिराबाईंचे भाऊ वसंतमामा प्रत्येक लग्नात सांगतात. धनाजीराव तेव्हा वीस वर्षांचे, तालमीत गेलेले. घरी येऊन बघतात तो वडील फेट्यासकट हॉलमध्ये निजलेले. सदतीस वर्षं झाली, ते दृश्य काही त्यांच्या डोळ्यांपुढून हललं नाही.

आता धनाजीराव स्वतः सत्तावन्नचे. नोकरी एका संशोधन संस्थेच्या उंदीरघरात. पिंजरे धुवायचे, भुसा बदलायचा, खाद्याच्या गोळ्या घालायच्या, पाण्याच्या बाटल्या भरायच्या. अठ्ठावीस वर्षं हेच. पण कोणी विचारलं की सांगणार, "पागेवर असतो." जुने बडोदेकर यावर आदराने मान हलवतात आणि नवे लोक समजतात की हा माणूस घोड्यांच्या शर्यतीत आहे. रोज सकाळी सात वाजता उंदीरघराचं दार उघडून हे गृहस्थ टाचा जुळवत आणि "जय भवानी" म्हणत. आत दोनशे पांढरे उंदीर गाढ झोपलेले असत, कारण उंदरांची रात्र आपला दिवस उजाडल्यावर सुरू होते. सलामीला उत्तर मिळत नसे, पण त्याबद्दल त्यांची कधी तक्रार नव्हती.

श्रावण सरला आणि खाद्याचं पोतं दुसऱ्या मजल्यावर नेताना त्यांच्या छातीवर कोणी पाय देऊन उभं राहिल्यासारखं व्हायला लागलं. मग जिन्यात थांबायचं आणि कठड्यावरची धूळ बोटाने पुसून बघायची, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं की शिर्के स्वच्छता तपासताहेत. तीन महिन्यांत तो कठडा संस्थेत सगळ्यांत स्वच्छ झाला. अशात सोसायटीत फुकट तपासणीचं शिबिर आलं. डॉक्टरने ईसीजीची पट्टी दोनदा पाहिली आणि म्हणाला, "काका, अँजिओग्राफी करावी लो. मोडुं ना करता." उशीर नको, एवढंच त्याचं म्हणणं. धनाजीरावांनी उत्तर दिलं, "गॅस छे," आणि वाटेत सेव-उसळीची प्लेट खाऊन ते घरी आले.

घरी संयोगिता. धनाजीरावांची बायको, दूध डेअरीच्या चाचणी विभागात नोकरीला. सव्वीस वर्षं लोकांच्या दुधातलं पाणी पकडत आलेली बाई, तिच्यापुढे यांचा गॅस काय टिकतोय. तिने डॉक्टरचा कागद वाचला आणि त्या दिवसापासून घरात एकच शब्द सुरू झाला. वरण वाढताना अँजिओग्राफी, ताक घुसळताना अँजिओग्राफी, टीव्हीवर बातम्या लागल्या की त्यांच्या वरच्या पट्टीत अँजिओग्राफी. एकदा तिने भांडं खाली ठेवून सरळ सांगितलं, "अहो, मला या भिंतीखाली बसायचं नाहीये. आई बसल्या, काकू बसल्या. मला नाही जमायचं. मी मटार सोलत तुमच्या फोटोशी बोलणार नाही."

"शिर्के तपासण्या करत नाहीत," धनाजीराव म्हणाले. हे खरंच होतं. त्यांनी भिंतीकडे बघितलं आणि पोटात गोळा आला. पण त्या गोळ्याला काय म्हणतात ते त्यांना कोणी शिकवलं नव्हतं, म्हणून तोही गॅसच्याच खात्यात गेला.

याच दिवसांत मुग्धाचं प्रकरण झालं. मुग्धा नागरवाड्यातली मुलगी, घराणं जुन्या संस्थानी कारकुनांचं, पीएचडीसाठी तीन वर्षं याच उंदरांवर काम करत होती. नराचं हृदय आणि मादीचं हृदय, दोघांना सारखाच घाव घालायचा आणि कोण किती तगतं ते पाहायचं, असा तिचा विषय. उंदराचं हृदय काढून ती काचेच्या नळीला टांगायची. ते एवढंसं बोरासारखं हृदय तिथे एकटंच धडधडत राहायचं. मग अर्धा तास त्याचा पुरवठा बंद, मग पुन्हा सुरू, आणि शेवटी काप करून ते रंगात बुडवायचे. जिवंत भाग लाल व्हायचा, मेलेला पांढरा राहायचा.

"आणि नरांचंच जास्त पांढरं राहतं, काका," एकदा तिने धनाजीरावांना काप दाखवत सांगितलं. "पेशीत बारीक बारीक चुली असतात ना, मायटोकॉन्ड्रिया, त्यांच्यावर हृदयाचा सगळा स्वयंपाक चालतो. रक्त अडलं की चुली विझतात. पुन्हा आलं की पेटतात. तर नरांच्या चुली एकदम भडकतात आणि स्वतःचंच घर जाळतात. माद्यांच्या बेताने पेटतात. तेवढ्याच घावात मादी निभावून नेते. आठ तुकड्या झाल्या माझ्या, दर वेळी तेच."

"माणसांत पण?"

"माणसांत फार गुंता आहे. वय, तंबाखू, साखर. पाळी गेली की बायकांचंही ते कवच पातळ होतं. उंदरावरून माणसाचं सांगू नये."

हे शेवटचं वाक्य धनाजीरावांच्या कानात शिरलंच नाही. आठ वेळा नर हरले, एवढंच शिरलं.

आता शहाण्या माणसाने ही गोष्ट घरी सांगावी का? पण जेवताना त्यांच्या तोंडून निघून गेली. संयोगिताने हातातला घास थांबवला. "बघा. उंदरांना कळतं ते तुम्हाला कळत नाही."

"आमच्याकडे हे उंदीर न कापताच माहीत होतं," इंदिराबाई म्हणाल्या.

धनाजीरावांना हे लागलं. ताटावरून उठले असते, पण पुढ्यात भरली वांगी होती. "त्या नरांना तालीम होती का?" ते म्हणाले. "आयतं खायचं आणि पिंजऱ्यात लोळायचं. अशा नराचं हृदय ते काय असणार? मर्दाला खुराक द्या, कसरत द्या, मग बघा."

"मग लावा पैज," संयोगिता म्हणाली. तिचा आवाज एकदम गोड झाला, आणि इतक्या वर्षांच्या संसारात या आवाजाची भीती बाळगायला धनाजीराव शिकले नव्हते. "मुग्धाची शेवटची तुकडी राहिलीय ना? बारा नर, बारा माद्या. नर हरले तर दुसऱ्या दिवशी तुम्ही निमूट अँजिओग्राफीला चालायचं. बरोबरीत सुटले किंवा जिंकले, तर मी तो शब्द या घरात पुन्हा काढणार नाही. बराबर?"

"बराबर."

"असं नाही. भंडारा उचला."

देव्हाऱ्यात खंडोबाचा टाक आहे आणि त्याच्यापुढे हळदीची वाटी. तो भंडारा चिमटीत धरून दिलेला शब्द शिर्क्यांत मोडत नाही. मोडला तर काय होतं ते कोणाला ठाऊक नाही, कारण कोणी मोडून पाहिला नाही. दोघांनी भंडारा उचलला. संयोगिता निर्धास्त होती. आठ नमुने सारखे निघाले तर नववा वेगळा निघत नाही, हे डेअरीतलं साधं गणित. इंदिराबाईंनी साक्षीदार म्हणून दोघांच्या कपाळाला हळद लावली आणि जावेच्या नातसुनेच्या डोहाळजेवणाला काय करायचं ते विचारत बसल्या.

धनाजीरावांनी मात्र अंथरुणावर पडल्या पडल्या सगळा विचार केला. भंडारा उचलताना नरांना मदत करणार नाही असं काही ते म्हणाले नव्हते. म्हणजे मोकळीक होती. आणि ज्या माणसाने तरुणपणी आठ वर्षं लाल मातीत घाम गाळला, त्याच्या पागेत बारा नर पडून असावेत आणि त्याने हातावर हात ठेवून बसावं, हे कोणत्या खंडोबाला आवडेल?

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता तालीम सुरू झाली. मुग्धा यायची अकराला, त्यामुळे वेळ भरपूर. आधी नावं पडली, कारण नाव नसलेल्याला हुकूम कसा सोडणार? सुभेदार, जमादार, हवालदार, नाईक, शिलेदार, बारगीर, खासदार, सरनोबत, आणि एक फार जाडा होता तो किल्लेदार. उरलेल्या तिघांना पद देण्याइतकं काही दिसेना, म्हणून ते उमेदवार. खुराक ठरला: भिजवलेला बदाम एकाला पाव, मोडाचे मूग, रविवारी खारकेचा तुकडा. प्लास्टिकच्या जुन्या डब्यांची चाकं करून ती पळायला टांगली. आणि कपाटामागे एक तुटका झाडू होता, त्याचा दांडा तासून, खाली रुंद वर निमुळता करून, पाटावर ठोकून एक मल्लखांब उभा राहिला. माथ्यावर बदाम.

बिचारे उंदीर. रात्रभर जागून नुकते कुठे अंगाची गुंडाळी करून झोपायला आले, की हा मिशीवाला माणूस शेपटीपाशी टिचकी मारून म्हणणार, "चल सुभेदार, ऊठ. शत्रू दारात आलाय." सुभेदार जांभई द्यायचा. उंदीर जांभई देतो हे ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांना सांगून उपयोग नाही, फार मोठी देतो.

पहिल्याच आठवड्यात घात झाला. मल्लखांबाला एरंडेल चोळायचं हा तालमीचा नियम. धनाजीरावांनी तो पाळला. उंदरांनी मल्लखांबाला मिठी मारली, चढले, घसरले, आणि मग खाली बसून सगळं एरंडेल चाटून पुसून साफ केलं. पुढचे दोन दिवस अख्ख्या फौजेला ढाळ लागले. पिंजऱ्यातला भुसा दिवसातून चारदा बदलावा लागला, किल्लेदार अर्धा झाला, आणि धनाजीराव तांदळाची पेज चमच्याने पाजत "धीर धरा रे" म्हणत बसले. त्यानंतर एरंडेल बंद झालं. तालमीच्या नियमात त्यांनी आयुष्यात केलेला हा पहिला फेरफार.

माद्यांच्या पिंजऱ्यांना मात्र ते शिवले नाहीत. ठरल्या वेळी ठरलेलं खाद्य, ना कमी ना जास्त. "तुमची सोय देवानेच करून ठेवलीय, बायांनो," असं त्यांना ते रोज सांगायचे. त्यात थोडी तक्रारही असायची.

दोन महिन्यांत नरांचं रूप पालटलं. अंग सडपातळ, केस चमकदार, डोळे असे लाल की बघत राहावं. सरनोबत तर एका दमात मल्लखांबाच्या टोकाला जाऊन मागच्या पायांवर उभा राहायचा. "काका, या वेळची तुकडी छान आहे हं," मुग्धा म्हणाली. धनाजीरावांनी मिशीला पीळ दिला आणि पाण्याच्या बाटल्या भरायला घेतल्या. आणि गंमत बघा, या दोन महिन्यांत सरनोबताच्या छातीची काळजी वाहणारा हा माणूस स्वतः जिन्यात तीन ठिकाणी थांबत होता. उंदरांना बदाम देऊन झाले की स्वतः खिशातला फाफडा खायचा.

शेवटी प्रयोगाचा आठवडा आला. अठ्ठावीस वर्षांत धनाजीरावांनी हजारो उंदीर प्रयोगशाळेत पोचवले होते आणि कधी मागे वळून पाहिलं नव्हतं. या वेळी पिंजरा मुग्धाच्या टेबलावर ठेवला आणि त्यांचा हात काही मुठीवरून सुटेना. ते दारातच उभे राहिले. सुभेदाराचं हृदय नळीला टांगलेलं त्यांनी पाहिलं. पुरवठा बंद झाला तसं ते मंदावलं, थांबलं. अर्ध्या तासाने रक्तासारखं ते औषधी पाणी पुन्हा सुटलं आणि सुभेदार पुन्हा चालायला लागला, म्हणजे त्याचं हृदय. धनाजीरावांचे डोळे भरून आले. "शाब्बास रे," ते पुटपुटले, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की शाब्बास म्हणायला आता सुभेदार उरलेला नाही. बाराही जणांचं असंच झालं. काप लालबुंद निघाले, माद्यांच्या तोडीस तोड, आणि सरनोबताचा काप तर एका कडेलाच काय तो पांढरा.

"बरोबरीत सुटले," घरी येऊन त्यांनी सांगितलं. आवाजात जेवढा आनंद असायला हवा होता तेवढा त्यांना सापडला नाही.

संयोगिताने त्यांच्याकडे पाहिलं, मग देव्हाऱ्याकडे पाहिलं, आणि वरण वाढलं. शब्द बंद झाला. ताक आलं, बातम्या आल्या, पण शब्द नाही. दिलेला शब्द पाळायचा म्हणजे किती पाळायचा, तर सोसायटीच्या व्हॉट्सॲपवर कोणाच्या तरी मेहुण्याच्या ऑपरेशनची चर्चा निघाली तशी तिने फोनच बाजूला ठेवला. फक्त एवढं झालं की रात्री जाग आली की तिचा हात धनाजीरावांच्या छातीवर असायचा, श्वास बघत. ज्या शब्दाने इतके महिने डोकं उठवलं, तो थांबल्यावर घर इतकं शांत होईल हे त्यांना माहीत नव्हतं. जिंकलेल्या माणसाला झोप लागेना.

दहा दिवसांनी, एका दुपारी, मुग्धा उंदीरघराबाहेरच्या पायरीवर बसलेली दिसली. रडून डोळे सुजलेले.

"काय झालं, मुग्धाताई?"

"संपलं, काका. आठ तुकड्या एक सांगतात आणि नववी भलतंच. सर म्हणाले, तुझ्या हातात काहीतरी खोट आहे, आधीच्या आठांवर तरी कसा विश्वास ठेवू? मी सगळं दहादा तपासलं. माझंच चुकत असणार. सोडून देते. नंदेसरीला एका केमिकल फॅक्टरीत जागा आहे, लॅबमध्ये. तिथे निदान आम्ल ते आम्लच राहील."

धनाजीराव पायरीवर बसले. उठायचं कसं याचा विचार न करता बसले. त्यांच्यापुढे आता दोनच वाटा होत्या. गप्प राहिलं तर पैज शाबूत, शब्द बंद, आणि ही पोरगी नंदेसरीला. बोललं तर अठ्ठावीस वर्षांची पागा गेली, पैज गेली, आणि मग तो कागद, तो डॉक्टर, ते टेबल. 

"खोट तुमच्या हातात नाही," ते म्हणाले. "त्या बारा जणांना मी तालीम दिली होती."

"काय दिलं होतं?"

"तालीम. दोन महिने. बदाम, मूग, पळापळ. आणि मल्लखांब."

मुग्धाने नाक पुसलं. "उंदरांना मल्लखांब?"

"झाडूच्या दांड्याचा केला होता. एरंडेलाचं मात्र जमलं नाही."

ती हसायला लागली, आणि हसता हसता इतकी चिडली की उभीच राहिली. तीन वर्षं, ती म्हणाली, तीन वर्षं काका, आणि तुम्ही माझ्या जनावरांना बदाम चारलेत? कशासाठी? तेव्हा धनाजीरावांनी जिन्यापासून भंडाऱ्यापर्यंत सगळं सांगितलं. खाली मान घालून सांगितलं. सांगून झालं तेव्हा आपला राग कुठे ठेवावा ते मुग्धाला कळत नव्हतं.

"व्यायामाने नराचं हृदय तगतं, हे पुस्तकात आहे, काका. जुनी गोष्ट आहे. माझी तुकडी बुडवून तुम्ही तीच पुन्हा सिद्ध केलीत." मग ती थांबली. "आणि हे सगळं तुम्ही त्यांना केलंत. स्वतःला का नाही केलंत?"

"ते मरू नयेत असं वाटलं."

"ते मरणारच होते. ते त्याचसाठी आणले होते. तुम्हाला कोणी सांगितलंय मरायला?"

 धनाजीरावांच्या ओठांवर वडिलांचं नाव आलं, पण एवढ्याशा पोरीपुढे ते काढवेना.

सरांकडे ते स्वतः गेले, मागोमाग मुग्धा. सर पाच मिनिटं बोलले आणि दहा मिनिटं फाइल चाळत राहिले. ती तुकडी रद्द झाली, मुग्धाला नवे बारा नर मंजूर झाले, आणि उंदीरघराची किल्ली धनाजीरावांनी टेबलावर ठेवली. मुग्धाने ती उचलली आणि म्हणाली, "नंदेसरीचं मी सध्या राहू देते. तुम्ही घरी जा, काका. सरळ घरी." जिना उतरताना छातीवरचा पाय पुन्हा आला, आणि या वेळी तो उतरेना. डाव्या हातात मुंग्या, कपाळावर घाम. त्यांची स्कूटर बटणाने सुरू होणारी होती म्हणून बरं. पाच मिनिटांची वाट त्यांना पंचवीस मिनिटं लागली.

संयोगिता नुकतीच डेअरीतून आली होती. इंदिराबाई सोफ्यावर होत्या. धनाजीराव दारातून आले आणि खाली फरशीवरच बसले.

"पैज मी लबाडीने जिंकलो," ते म्हणाले. "त्यांना बदाम घातले होते."

"माहीत आहे," संयोगिता म्हणाली. "पाव किलो बदाम महिन्यात संपतात आणि तुम्ही आहात तसेच. मला तेव्हाच कळलं."

"मग बोलली का नाहीस?"

"भंडारा उचललाय ना."

तिचा आवाज फाटला होता. ती खाली वाकली, त्यांच्या शर्टाला हात लावला. शर्ट ओला होता. धनाजीरावांनी तिचा हात धरला. शिर्क्यांच्या चार पिढ्यांत जे कोणी उच्चारलं नव्हतं, निदान भिंतीवर तरी तसं लिहिलेलं नव्हतं, ते त्यांनी उच्चारलं.

"मला भीती वाटतेय."

 धनाजीरावांनी आईकडे पाहिलं. त्यांना वाटलं, आता ही म्हणणार, धना, तुझे वडील बघ. इंदिराबाईंच्या हातातली शेंग तशीच होती.

"ते पण हेच म्हणाले होते," त्या म्हणाल्या.

"कोण?"

"तुझे वडील. दसऱ्याच्या दिवशी. मोरीपाशी बसले होते, गंजीफ्रॉकवर, घामाने निथळत. म्हणाले, अगं, मला भीती वाटतेय, कोणाला तरी बोलाव. मला वाटलं थट्टा करताहेत. शिर्के कधी घाबरतात का? मी हसले, धना. कढईत पुरी होती, ती तळून काढली, आणि मग गेले बघायला." शेंग त्यांनी मांडीवर ठेवली. "फेटा आम्ही मागाहून बांधला. मी आणि वसंताने. तू तालमीतून यायच्या आत."

 इंदिराबाईंना फार दूरचं दिसत नाही, त्यांनी अंदाजाने मान वळवली.

"तू हसू नकोस गं, संयोगिता. रिक्षा बोलाव."

पण संयोगिता तिथे नव्हतीच. भीती हा शब्द ऐकला त्याच क्षणी ती चपला न घालता जिना उतरली होती, आणि खाली रस्त्यावरून रिक्षावाल्याला मारलेल्या तिच्या हाका वर ऐकू येत होत्या.